गडव्यातली माय

फादरनी माझ्या हातातला पितळी गडवा घेतला अन् नळाजवळच्या फरशीवर उपडा केला.

पाणी फरशीवरून मोरीकडे वाहत गेलं. पाण्यासोबत मासोळी गेली. बोटाएवढी. ती माझी माय होती.

पाहुणे वरांड्यात चहा पिऊन राहिले होते. फादरले इथं येऊन चाळीस वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम ठेवला होता. नागपूरहून दोन फादर आले होते, केरळातून त्यायचे भाऊ-भावजय आले होते, अन् गळ्यात कॅमेरा घातलेला एक जण होता. त्यायच्यापैकी कोणीतरी विचारलं, "ये क्या था?" फादर हसले. म्हणाले, "बच्चे हैं ये लोग. चालीस साल हो गए, अभी भी बच्चे हैं."

मी बेचाळीस वर्षांची होती.

मी खाली बसली. मोरीत हात घातला. राख, भाताची शितं, शेवाळ. चाचपत राहिली. माझ्या मागं गावच्या बाया गाणं म्हणत आल्या होत्या, त्या चूप झाल्या. ढोल थांबला. मी मुठीत चिखल धरायची, बोटं उघडून पाहायची. नाही. मोरी पुढं केळीच्या आळ्यात जात होती, तिथं हात घातला. नाही. हात कोपरापर्यंत, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं. कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला. त्या माणसानं माझा फोटो काढला. आजही कोणाच्या तरी घरी असंल तो फोटो. मोरीत हात घालून बसलेली आदिवासी बाई.

"उठ आता. लोक पाहून राहिले," फादर हळूच म्हणाले.

त्यायले लोकायची लाज वाटली. माझ्या मायची नाही वाटली.

तुम्ही म्हणाल, मासोळीले माय काहून म्हणते ही बाई? सांगते. आमच्या गोंडायत माणूस मेलं की माती देतात. पण तेवढ्यानं ते माणूस घरी येत नाही, बाहेरच राहते. मग दिवस ठरवून त्या सकाळी घरचं कोणीतरी बोडीवर जाते. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. गुडघाभर पाण्यात उभं राहून मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारायची अन् पदर पाण्यात पसरून धरायचा. पदरात पहिलं जे जिवंत येईल, मासोळी येवो की झिंगा येवो, तेच आपलं माणूस. त्याले गडव्यात घालून वाजतगाजत घरी आणायचं. ज्या घरात त्याची चूल होती, त्याच घरात. मग ते माणूस आमच्या पेनांत बसते, म्हणजे घरच्या देवायत. नाही आणलं तर बाहेर राहते. उन्हात, थंडीत, वाट पाहत. बस, एवढंच. यात कोणाच्या बापाचं काही जात नाही.

मायची चूल मिशनच्या आवारात होती. म्हणून गडवा मिशनच्या फाटकातून आत न्यावा लागला. माझा गुन्हा तेवढाच.

आता फादरचंही सांगते. नाही सांगितलं तर मी खोटी ठरेन, अन् मले खोटं बोलता येत नाही.

तुमसर रोडच्या स्टेशनवर उतरून एक काळासावळा तरणा माणूस सायकल घेऊन आमच्या डोंगरात आला, तवा मी दोन वर्षांची होती. त्याले मराठी येत नव्हती. लोक त्याच्या तोंडाकडे पाहून हसत. त्यानं पहिलं पाऊल शाळेचं नाही टाकलं, देवाचंही नाही टाकलं. गावात हिवताप होता. तो घरोघरी गोळ्या घेऊन फिरला. ज्यायच्या घरात पाणी भरायले माणूस उभं नव्हतं, त्यायच्या घरी त्यानं घागरी वाहिल्या. आमच्या खाटेवर झोपला, आमची आंबील प्याला. मोहाच्या दिवसांत बायायसंग मोहफुलं वेचली. एका गरोदर बाईले खाटेवर टाकून चार माणसायनं दवाखान्यात नेलं, त्या चौघांत एक खांदा फादरचा होता. दोन-तीन वर्षांत तो आमच्यासारखा 'मले, तुले' बोलाले लागला. चाळीस वर्षांत तो माणूस कधी महिनाभरही सुटीवर गेला नाही.

माझा बाप तुमसरच्या राईस मिलमध्ये पोती वाहायचा. मी चार वर्षांची असताना तापानं गेला. माय मले पाठीशी बांधून मिशनच्या दारात उभी राहिली. फादरनी तिले वसतिगृहाच्या स्वयंपाकाले लावलं, राहाले खोली दिली, मले पाटी दिली. आम्ही दोघीनं डोक्यावर पाणी घेतलं, ख्रिस्ती झालो. कोणी जबरदस्ती नाही केली. माय म्हणायची, ज्यानं भाकर दिली त्याच्या देवाले नाही कसं म्हणू?

मले टायफाईड झाला तवा फादर माझ्या उशाशी बसून होते. मले दहावीपर्यंत त्यायनंच शिकवलं. अन् ते माझ्या मायले मायच म्हणायचे. दुपारी उन्हातून आले की फाटकातूनच ओरडायचे, "माय, आंबील दे वं!" माय लटक्या रागानं म्हणायची, "आला गा माहा बुढा पोरगा." सारं आवार हसायचं.

असा माणूस. याच माणसानं गडवा उपडा केला. परक्यानं केला असता तर मी शिव्या घातल्या असत्या अन् मोकळी झाली असती. इथं शिवी तोंडातच अडकली.

मी मिशनमध्ये काय काम करायची तेही सांगावं लागंल. वरच्या टोल्यांवरच्या, म्हणजे डोंगरातल्या लहान वस्त्यायवरच्या, बुढ्या बायायले मराठी धड समजत नव्हती. फादरले गोंडीत दोन-चार प्रार्थना पाठ होत्या, बाकी गोंडी त्यायच्या जिभेवर कधी बसली नाही. म्हणून ते मराठीत बोलायचे अन् मी गोंडीत सांगायची. पंचवीस वर्षं. प्रवचनात, बारशात, मयतीत. लोक मले 'फादरचं तोंड' म्हणायचे. मले त्याचा गर्व होता. किती गर्व होता, बाप्पा! पाय जमिनीवर नव्हता.

मोरीत हात होता तवाच मले बुधियाबाई आठवली.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्याच्या आधीची गोष्ट. वरच्या टोल्यावरचा सुकराम मेला. बुधियाबाई त्याची बायको. दोघंही ख्रिस्ती. फादरले कळलं की ती बोडीवर जाणार आहे. फादर म्हणाले, "जा, समजावून सांग तिले." मी गेली. ती गडवा डोक्यावर घेऊन काठावरून वर येऊन राहिली होती. एकटीच. ना ढोल, ना बाया. चोरून करून राहिली होती बिचारी. मी गडवा तिच्या डोक्यावरून उतरवला अन् तिच्याच भाषेत तिले म्हटलं, मासोळी म्हणजे मासोळी असते बाई, तुझा नवरा देवाजवळ गेला. अन् पाणी बोडीत ओतून दिलं. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी परत येऊन फादरले सांगितलं. फादर म्हणाले, "शाब्बास." त्या शाब्बासकीनं मी किती दिवस फुगून होती.

फादरनी तर फरशीवर ओतलं. मी निदान बोडीत ओतलं, असं मनाले समजवायले गेली. मन म्हणालं, थू तुझ्या जिनगानीवर.

मायनं मरताना एकच मागितलं होतं. खोकल्यानं तिचं बोलणं तुटत होतं. म्हणाली, "तुह्या बापाले मी नाही आणलं. फादर नको म्हणाले, म्हणून नाही आणलं. तो बाहेरच राह्यला. मले आणजो वं पोरी. मले बाहेर नोको ठेवजो." मी तिचा हात धरून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. फादर तिच्या खाटेजवळ ढसाढसा रडले. मिशनच्या कबरस्तानात त्यायनं स्वतः तिच्यावर माती लोटली. मले वाटलं, एवढा रडतो आहे माणूस, मायचं एवढं एक तो करू देईल. मी विचारलंही नाही. पाहुणे येणार आहेत हेही डोक्यात नव्हतं. गावच्या भुमकाले, म्हणजे आमच्यात देवाचं अन् मेल्याचं सारं करणाऱ्या बुढ्याले सांगितलं, दिवस ठरला. बोडीत पहिल्याच हाकेले माय पदरात आली. पहिल्याच हाकेले! बाया म्हणाल्या, पाहा, कशी घाई होती तिले घरी यायची.

त्या दिवशी दुपारी फादर माझ्या खोलीवर आले. मी भिंतीले टेकून बसली होती. लुगडं तसंच, चिखलाचं.

ते म्हणाले, "तू शिकलेली हायेस. तूच असं केलं तर बाकीच्यायनं काय करावं?"

मी म्हटलं, "फादर, तुम्ही रोज सकाळी भाकरीचा तुकडा हातात घेता अन् म्हणता, हा देव आहे. मी गुडघे टेकते. मी कधी हसली काय?"

"ते वेगळं हाय."

"काहून वेगळं हाय?"

ते उठून खिडकीजवळ गेले. मग म्हणाले, "तू थकली हायेस. रविवारी आपण लोकायले नीट समजावून सांगू."

आपण. म्हणजे ते मराठीत अन् मी गोंडीत.

रविवारी देऊळ भरलं होतं. आम्ही चर्चले देऊळच म्हणतो. बुढ्या बाया सतरंजीवर, पाहुणे पुढच्या बाकावर. मी नेहमीसारखी फादरच्या उजव्या हाताले उभी. सवयीनं पाय तिथं गेले. फादर बोलाले लागले. म्हणाले, मेलेलं माणूस पाण्यात नसते. मी ते गोंडीत सांगितलं. हो, सांगितलं. पंचवीस वर्षांची सवय एका आठवड्यात जात नाही. मग ते म्हणाले, "जे मासोळी घरी आणतात, ते सैतानाले घरी आणतात."

अन् थांबले. माझी वाट पाहत.

सैतान हा शब्द ते आमच्या चालीरीतीयले कधी लावत नव्हते. पाहुणे होते म्हणून लावला, असं मले वाटते. कदाचित नागपूरच्या फादरायले दाखवायचं असंल की चाळीस वर्षं फुकट नाही गेली.

सतरंजीवरच्या बुढ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मागच्या भिंतीजवळ बुधियाबाई बसली होती. माझ्या तोंडात शब्द तयार होता. फादर बोलले की शब्द आपोआप तयार व्हायचा. मी तो गिळला.

"बोल," फादर म्हणाले.

"नाही बोलत."

"काहून?"

"माझ्या मायले मी सैतान नाही म्हणणार. तुम्हाले म्हणायचं असंल तर तुम्हीच सांगा यायले. यायच्या बोलीत सांगा."

चाळीस वर्षं. त्या माणसानं आमचा घाम पुसला, आमच्या पोरायचे शेंबूड पुसले, अन् त्याले त्या बुढ्यायले एक वाक्य सांगता येईना. तो उभा राहिला. तोंड उघडं. त्याची मले दया आली, खरं सांगते, त्या घडीलेही दया आली. पण मी त्याच्या मदतीले गेली नाही. मी बायायच्या मधून चालत दाराबाहेर आली. दोन दिवसांत खोली सोडली अन् मायच्या जुन्या टोल्यावर तिच्या भाच्याच्या घरामागं छप्पर टाकलं. रोवणी, कापणी, तेंदूपत्ता, जे मिळालं ते केलं.

पहिल्यांदा बुधियाबाईकडे गेली. ती अंगणात मोहफुलं वाळू घालून राहिली होती. मी म्हटलं, बाई, मी माफी मागाले आली.

ती फुलं पसरवत राहिली. विचारलं, "तुही माय आली काय घरी?"

"नाही."

"मंग आता समजलं तुले." थोड्या वेळानं म्हणाली, "माफी मले मागून काय करतेस वं? त्याले माग. तो तिकडेच हाय, बोडीवर."

तिनं मले बस म्हटलं नाही. अन् का म्हणावं?

मी मायले पुन्हा आणाले गेली. भुमका सोबत होता. तो म्हणाला, दुसऱ्यांदा हाक मारल्याचं मी पाहिलं नाही, पण मारून पाहा. मी पाण्यात उतरली. फुलवंता माय, म्हणून हाक मारली. पदर धरला. शेवाळ आलं. पुन्हा मारली. काडीकचरा आला. ऊन डोक्यावर येईस्तोवर मी उभी होती, पाय बधिर झाले. मासोळ्या दिसत होत्या, पदराच्या बाजूनं निघून जात होत्या. भुमका म्हणाला, "चल आता. रुसली असंल. रुसलेलं माणूस कवा येईन, सांगता येत नाही." मी त्या काठावर जी रडली, तशी माती देतानाही नव्हती रडली. तवापासून दर वर्षी जाते. माय अजून आली नाही.

फादर थकले. गुडघे गेले, नजर गेली. मिशनच्या मोठ्या लोकायनं ठरवलं की त्यायले त्यायच्या मुलखात, म्हाताऱ्या फादरायच्या घरी ठेवायचं. जायच्या आधी ते काठी टेकत माझ्या छपरापर्यंत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी आंबील दिली. ते प्याले. मिशी पुसली. म्हणाले, "मायच्या हातासारखी नाही."

मी म्हटलं, "माय कुठी हाय फादर?"

त्यायनं वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी जे मानतो तेच केलं. दुसरं मले करता आलं नसतं." अन् उठता उठता म्हणाले, "मले तिकडे नाही मरायचं. मी इथलाच हाय. मिशनच्या लोकायले सांग, मले इथं माती देजा."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. माझ्या सांगण्यानं काही झालंही नसतं. गाडी आली, घेऊन गेली. पावसाळा संपता संपता बातमी आली की फादर गेले अन् तिकडेच त्यायले पुरलं.

त्या दिवशी तीन टोल्यांत चूल पेटली नाही. जे ख्रिस्ती झाले नव्हते त्यायच्या घरीही नाही. मी कोपऱ्यात तोंड लपवून रडली. बाप गेला तवा मी लहान होती. बाप कसा जातो ते मले त्या दिवशी समजलं.

चार दिवसांनी भुमका माझ्या दारात आला. मागं गावची माणसं, बुढ्या बाया. भुमकानं बसून आधी पाणी मागितलं. मग म्हणाला, "फादर परक्या मातीत राह्यले वं. आपलं माणूस होतं. त्यायले घरी आणावं लागते. त्यायले लेकरू नाही. पोरगी म्हणशीन तर तूच. तू हाक मारली तर येतीन."

हे लोक! ज्यानं त्यायच्या मेलेल्यायले चाळीस वर्षं घराच्या बाहेर ठेवलं, त्याले घरात घ्यायले हे निघाले होते. माझंही मन म्हणत होतं, ऊठ, चल. तो बोडीवर उभा असंल, गुडघे दुखत असतीन, म्हणत असंल, मी इथलाच हाय.

मी म्हटलं, "नाही."

भुमका म्हणाला, "एवढा राग? मेल्यावरही?"

"राग नाही बाबा. राग असता तर रडली असती काय? त्यायनं सांगितलं, मेलेल्यायले हाक मारू नका. ते मी माझ्या तोंडानं तुमच्या घराघरात सांगितलं. आठवा, किती जण बाहेर राह्यले. सुकराम. माझा बाप. खालच्या टोल्यातली मंगली अन् तिचं तान्हं लेकरू. आधी ते. ज्यायनं हाक मारू नका म्हटलं, त्यायच्या नावानं मी हाक नाही मारणार. त्यायचं म्हणणं मी त्यायच्यापुरतं पाळते."

लोक एक-एक करून उठले. बुधियाबाई तेवढी बसून राहिली. मग म्हणाली, "कवा जायचं सुकरामसाठी?"

"उद्या," मी म्हटलं.

तवापासून धान कापून झालं की मी टोल्याटोल्यानं फिरते. ज्या घरी मी नको म्हणून सांगितलं होतं, त्या घरी जाते. दारात उभी राहून सांगते की मी खोटं बोलली होती. काही घरं दार लावून घेतात. काही शिव्या देतात, त्या ऐकून घेते. जे येतात त्यायच्यासंग पाण्यात उतरते, अन् पहिली हाक मी मारते, कारण त्यायले बाहेर मी ठेवलं. कोणी पदरात येतात, कोणी येत नाहीत. सुकराम तिसऱ्या दिवशी आला. बाप नाही आला.

आता गुडघे माझेही दुखतात. लोक म्हणतात, बस कर, किती फिरशीन? नावं संपेपर्यंत फिरणार. फादरसाठी मी आजही रडते, मरेपर्यंत रडत राहीन. पण पाण्यात उभं राहून त्यायचं नाव मी घेणार नाही.